शिवणाच्या डब्यातली फ्लॉपी

त्या रविवारी मी आईकडे पोचले तेव्हा ती मटार सोलत बसली होती. जानेवारी संपत आला की एकदम तीन किलो मटार आणायचे, सोलायचे आणि पिशव्या भरून फ्रीझरमध्ये टाकायचे, हा तिचा दरवर्षीचा नेम. ती मुलुंड पूर्वेला राहायची, मी पश्चिमेला. मधे स्टेशनचा पूल. चालत वीस मिनिटं. तेवढंच अंतर, तरी मी आठवड्यातून एकदाच जात असे.

"हात धुऊन बस," ती म्हणाली. "आणि खाऊ नकोस. मागच्या वर्षी निम्मे तुझ्या पोटात गेले."

मी बसले. खाल्लेच.

"इरावतीवन्सं पडल्या म्हणे," ती म्हणाली. "हाड मोडलं नाही, नशीब. पण आता वॉकर घेऊनच चालायचं."

इरावतीआत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, चुलत बहीण. राहते बोरिवलीला. आईशी तिने चोवीस वर्षांपूर्वी बोलणं टाकलं होतं.

"तुला कोणी सांगितलं?"

"अस्मिताने. त्यांच्याच सोसायटीत राहते ना ती." अस्मिता आईची डीटीपीच्या क्लासमधली मैत्रीण. "तीच सांगत होती, घाटकोपरला कोणी आहे म्हणे, जुन्या फ्लॉप्यांतलं काढून देतो. पुसलेलंसुद्धा. खरंच निघतं का गं?"

मी लगेच उत्तर दिलं. थोडी थांबले असते तर कदाचित वेगळं दिलं असतं.

"नाही गं आई. इतक्या वर्षांनी? बुरशी लागली असेल त्यांना. आणि पुसलेलं ते पुसलेलं."

"तू बँकेत हेच करतेस ना?"

"ते वेगळं."

"बरं," आई म्हणाली आणि तिने पुढची शेंग उचलली. मग जरा वेळाने, "तुला त्यातलं कळतं म्हणून विचारलं."

जेवून दोन वाजता मी निघाले. तिने मटारची एक पिशवी दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला की दूध दाराबाहेर तसंच आहे आणि बेल वाजवून कोणी उघडत नाही. डॉक्टर म्हणाले, पहाटे झोपेतच. ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती.

सगळे भेटायला येऊन गेले. तेराव्याला घराण्यातली पंचवीसेक माणसं जमली. इरावतीआत्या आली नाही.

आता त्या फ्लॉपीबद्दल सांगायला हवं.

एकोणीसशे नव्व्याण्णवच्या सुमारास आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढायचं ठरलं. समिती झाली, अण्णा चिटणीस झाले. शाखाशाखांतून छापील फॉर्म पाठवायचे, भरून आलेले फॉर्म लावायचे, टाइप करायचे, वंशवृक्ष जुळवायचे. आईने पंचेचाळिसाव्या वर्षी डीटीपीचा क्लास केला होता. हॉलमध्ये शिवणाच्या मशीनशेजारी कॉम्प्युटर होता, त्यावर तिने स्वतः शिवलेलं फुलाफुलांचं कव्हर होतं. लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा अशी कामं ती करत असे. कुलवृत्तांताचं टायपिंग साहजिकच तिच्याकडे आलं.

फॉर्ममध्ये मुलींसाठी एक ओळ होती. मुलीचं नाव, जावयाचं नाव, गाव. तिथे रेघ संपायची.

"म्हणजे नवऱ्याच्या पुस्तकात ती सून आणि बापाच्या पुस्तकात एक ओळ," आई एकदा टाइप करता करता म्हणाली.

"सगळीकडे तशीच पद्धत आहे," अण्णा म्हणाले.

"पद्धत आहे ते दिसतंय मला. मी टाइप करतेय ना."

मग तिने स्वतःच सुरू केलं. घराण्यातून लग्न होऊन बाहेर गेलेल्या बायकांना ती फोन करायची. जवळपासच्यांकडे दुपारची जाऊन बसायची. तिचे प्रश्न तिचेच होते. पहिला प्रश्न असा, की माहेरचं नाव काय आणि सासरचं काय, आणि त्यातलं कोणतं छापू? परिशिष्ट म्हणून हे समितीसमोर ठेवायचा तिचा विचार होता. पूर्ण झाल्याशिवाय मात्र दाखवायचं नव्हतं, कारण अर्धवट दाखवलं तर अर्ध्यावरच थांबवतील हे तिला माहीत होतं. हाताने लिहून घेतलेले कागद ती टाइप झाल्यावर फाडून टाकायची. बायकांना तिने तसा शब्द दिला होता. त्रेचाळीस जणींचं झालं होतं. ते सगळं एका फ्लॉपीत होतं. ती फ्लॉपी समितीच्या फ्लॉप्यांच्या खोक्यात नव्हती. शिवणाच्या डब्यात, बॉबिन आणि हुकांच्या पुड्यांखाली होती, आणि तिच्यावर लेबल नव्हतं.

त्या वर्षी मी एस.वाय.ला होते. कॉलेजात प्रोजेक्ट द्यायचा दिवस होता आणि सकाळी माझी फ्लॉपी बिघडली. समितीच्या खोक्याला हात लावायचा नाही अशी ताकीद होती. कुर्त्याचं तुटलेलं बटण लावायला म्हणून मी डबा उघडला, तर खाली फ्लॉपी. मी ती फॉरमॅट केली, माझं प्रोजेक्ट तिच्यात भरलं, कॉलेजात जाऊन कॉपी करून दिलं, संध्याकाळी घरी येऊन प्रोजेक्ट डिलीट केलं आणि फ्लॉपी होती तिथे ठेवून दिली. घेतलेली वस्तू घेतली तशी ठेवावी म्हणून मी डिलीट केलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले.

तो गुरुवार होता. शनिवारी दुपारी आईने चव्वेचाळिसावी फाइल टाकायला ती काढली.

ती ओरडली वगैरे नाही. तिने फ्लॉपी बाहेर काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग म्हणाली, "बुधवारी मी प्रेससाठी दहा फ्लॉप्या फॉरमॅट केल्या. त्यात ही गेली असणार." हे ती कोणालाच उद्देशून म्हणाली नव्हती. आई बायकांचं असं काही लिहून घेत होती, हे अण्णांना तेव्हाच कळलं. ते म्हणाले, "जाऊ दे. समितीला तसंही ते नकोच होतं." मी टेबलाशी चहात बिस्किट बुडवत होते. ते बुडालं. मी ते चमच्याने काढलं आणि खाल्लं.

पुढच्या आठवड्यात आईने त्रेचाळीस अंतर्देशीय पत्रं लिहिली. सगळ्यांत मजकूर एकच. माझ्या निष्काळजीपणामुळे आपण विश्वासाने सांगितलेलं पुसलं गेलं. पुन्हा विचारण्याचा मला अधिकार नाही. राग मानू नये ही विनंती. पत्रं तिने माझ्याकडे पेटीत टाकायला दिली. एकदम मावेनात, म्हणून मी दोन खेपांत टाकली.

काही जणींनी उलट पत्रं पाठवली, असू द्या हो, पुन्हा सांगू म्हणून. आईने विचारलं नाही. समितीचं उरलेलं काम तिने चोख पूर्ण केलं. पुस्तक छापून झालं तसा कॉम्प्युटर विकून टाकला आणि पुन्हा ब्लाउज शिवायला, फॉल-बिडिंग करायला लागली. मला तिने त्या फ्लॉपीबद्दल कधी काही विचारलं नाही. त्या रविवारपर्यंत.

तेराव्यानंतर मी तिचं कपाट आवरायला गेले. शिवणाचा डबा तोच होता, बिस्किटांचा, पत्र्याचा. फ्लॉपी प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत होती, पिशवीत कोरड ठेवणारी पांढरी पुडी, तीही बहुधा वेळोवेळी बदललेली. आता लेबल होतं. आईच्या अक्षरात: "चुकून पुसली गेली. वापरू नये. १२-२-२०००."

पुस्तकांत माणसं अशा वेळी खाली बसतात, रडतात. मी फ्लॉपी पर्समध्ये ठेवली आणि उरलेले ब्लाउजपीस मोजून शेजारच्या काकूंना दिले.

अस्मितामावशीकडून पत्ता घेतला. घाटकोपर पूर्वेला, पंतनगरात, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर केयूर नावाचे गृहस्थ हे काम करतात. पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. खोलीभर जुने ड्राइव्ह, केबलींची भेंडोळी, आणि मधे एका फळीवर देवाची तसबीर, तिलाही धूळ बसू नये म्हणून प्लॅस्टिक लावलेलं.

त्यांनी फ्लॉपीची पत्र्याची पट्टी सरकवून आत टॉर्च मारला.

"मॅडम, बुरशीचा एक डाग नाही. कोणी ठेवली होती?"

"आईने."

"दहा वर्षांत एवढी साफ फ्लॉपी माझ्याकडे आली नाही. आणि लेबल बघा. वापरू नये. लोकं एवढं ऐकतील ना, तर माझं दुकान बंद होईल. मी स्वतः पेढे वाटीन." त्यांनी पावती पुस्तकावर माझं पूर्ण नाव लिहून घेतलं. "फॉरमॅट झाली म्हणताय. साधा की क्विक?"

"क्विक," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. "मग चान्स आहे. क्विक फॉरमॅट म्हणजे काय, तर पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली. पानं तिथेच असतात. वरून दुसरं लिहिलं नाही तोपर्यंत."

मला हे माहीत होतं. गेली अठरा वर्षं मी बँकेत बॅकअपचं काम करते. नव्या मुलांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवते, जवळपास याच शब्दांत. मटार सोलतानाही मला हे माहीत होतं.

त्यांनी फ्लॉपी एका उघड्या ड्राइव्हमध्ये घातली. त्याला जोडलेलं एक छोटं सर्किट होतं. फाइल वगैरे न शोधता चकतीवरची चुंबकाची खूण जशीच्या तशी उचलायची, असं ते काम. ड्राइव्ह कुरकुरायला लागला. पडद्यावर गोल आला आणि बाहेरून आत एकेक वर्तुळ हिरवं होत गेलं. दोन ठिकाणी लाल आलं, तेव्हा त्यांनी फ्लॉपी काढून कापसाच्या काडीने स्पिरिट लावलं, परत घातली, आणि तेही हिरवं झालं.

"आता मजा बघा," ते म्हणाले. "हे वरचं निम्मं काय आहे? इंग्लिश. लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम! अरे देवा. त्या वेळी प्रत्येक कॉलेजात प्रत्येक पोरगं हेच प्रोजेक्ट करायचं. म्हणजे बघा, कोणी दीडशहाण्याने आईची फ्लॉपी फॉरमॅट मारली, स्वतःचं प्रोजेक्ट टाकलं, काम झालं आणि मग ते पण डिलीट केलं. हुशारी बघा! पुरावा नको."

"हो का," मी म्हणाले.

ते खाली सरकवत गेले. प्रोजेक्टचं पहिलं पान उघडलं. कॉलेजचं नाव, वर्ष, रोल नंबर. त्याखाली माझं नाव. केयूरभाईंनी ते वाचलं. मग पावती पुस्तकाकडे बघितलं. चष्मा डोळ्यांवर घेतला, पुन्हा कपाळावर नेला.

"चहा घेणार?"

"नको."

"घ्या. आल्याचा आहे."

चहा आला. मी म्हणू शकले असते, हो, मीच ती. परक्या माणसासमोर ते सोपं होतं आणि त्यांना तर कळलंच होतं. मी चहा प्यायले.

"याच्या खाली जे होतं ते?"

"खाली काही नसतं, मॅडम. फॉरमॅटने नाही गेलं. वरून लिहिलं ना, तेवढं गेलं. ते कोणीच नाही काढू शकत." आता ते हळू बोलत होते. "पण पुढचं निम्मं आहे. फाइलींची नावं नाही मिळणार. यादी कोरी आहे. आतला मजकूर येईल. पण हे काय लिहिलंय? मला तर कोणी शिव्या दिल्यासारखं दिसतंय."

पडद्यावर स्वल्पविराम, कंस, इंग्रजी मोठी-छोटी अक्षरं यांची रांगच्या रांग होती. आईचा जुना मराठी फॉन्ट. तो फॉन्ट नसेल तर कॉम्प्युटरला ते मराठी आहे हे कळतच नाही. केयूरभाईंनी त्या फॉन्टच्या अक्षरांचा तक्ता कुठून तरी शोधून काढतो म्हटलं आणि मला पुढच्या आठवड्यात बोलावलं.

यादी कोरी आहे, हे वाक्य मी रिक्षात बसल्यावर पुन्हा मनात म्हटलं. म्हणजे ती यादी आता जगात एकाच जागी होती, माझ्या डोक्यात. त्या गुरुवारी सकाळी मी फ्लॉपी आत घातली तेव्हा ती रिकामी नव्हती. पडद्यावर फाइलींची ओळ आली होती, इंग्रजी अक्षरांत, बायकांची नावं. हळदीकुंकवाच्या बोलावण्याची यादी असेल, असं मला वाटलं. खरं तर तसं वाटून घ्यायला मला दोन सेकंद लागले, आणि दारात मैत्रीण थांबली होती.

पुढच्या आठवड्यात मला बावीस बायका मिळाल्या. पहिल्या एकवीस माझ्या प्रोजेक्टखाली गेल्या होत्या. बाविसावीचं नाव तुटलेलं होतं, वाक्याच्या मधून ती सुरू होत होती. जोडाक्षरं काही ठिकाणी फुटली होती, ती मी एकेक करून नीट केली. आठ दिवस संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर मी तेच केलं.

आईचा पहिला प्रश्न प्रत्येकीपुढे होता. एकीने उत्तर दिलं होतं, "दोन्ही छाप. राधिकाने कामं केली. सुमती काय करायची ते मीच विसरत चाललेय." एकीने सांगितलं होतं की सासूबाई गेल्या त्या दिवशी ती त्या घरात पहिल्यांदा खुर्चीवर बसली, आणि बसल्यावर पायांचं काय करायचं ते तिला कळेना. एका ठिकाणी आईने कंसात टाइप केलं होतं: "इथे ताईंनी एक गोष्ट सांगितली, ती मी लिहिलेली नाही." बाकी काही नाही. प्रश्न आणि तो कंस सोडला तर आईचा स्वतःचा त्यात एकही शब्द नव्हता, पण मला ती प्रत्येक पानावर प्रश्न विचारून गप्प बसलेली दिसत होती. बायका बोलत होत्या त्या तिच्या गप्प बसण्यामुळे.

बावीसपैकी सहा जणी हयात निघाल्या. त्यांना त्यांची पानं नेऊन दिली. सुमतीबाईंनी दादरच्या घरात मला थालीपीठ खायला घातलं आणि विचारलं, "म्हणजे तुझ्या आईचं पुसलं गेलं नव्हतंच?"

"थोडं राहिलं होतं," मी म्हणाले.

आणि मग इरावतीआत्या राहिली. तिची पानं नव्हती. तिच्याकडे जायचं काही कारण नव्हतं, असं मी तीन आठवडे म्हणत होते. मग मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी गेले. बोरिवली पश्चिमेला, बाभई नाक्याच्या आत, तिसरा मजला. सुनेने दार उघडलं आणि मला बसवून ती आत गेली.

आत्या खिडकीशी खुर्चीत होती, समोर वॉकर, त्यावर वर्तमानपत्र वाळत घातल्यासारखं टाकलेलं.

"अण्णाची मुलगी का? गार्गी?"

"हो, आत्या."

"जाड झालीस." तिने मला नीट बघून घेतलं. "तुझ्या आईचं कळलं. मी आले नाही."

"तुम्ही पडला होतात ना."

"पडले नसते तरी आले नसते. माझ्या वतीने गोड बोलू नकोस. काय आणलंयस?"

मी पानं दिली. तिने भिंग मागितलं आणि वाचायला लागली. सुमतीबाईंच्या पानावर ती मोठ्याने हसली. "ही सुमी! अगदी अशीच बोलते मेली." मग दोन पानं तिने ओळीवर बोट ठेवून वाचली. खुर्चीवर बसल्याचं वाचून म्हणाली, "मला वाटलं होतं, हे माझं एकटीचंच आहे." सगळी पानं तिने दोनदा उलटली.

"माझं कुठाय?"

"तुमचं नाही निघालं."

तिने भिंग खाली ठेवलं.

"बावीस जणींचं निघालं."

"सुरुवातीचं सगळं गेलंय, आत्या. पहिल्या एकवीस."

"सुरुवातीला मीच होते. पहिली माझ्याकडे आली ती. दोन दुपारी बसली होती, असं समोर. तेव्हा तिथे पलंग होता." तिने हाताने जागा दाखवली. "लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मला मुलगी झाली होती. तुला माहीत नसणार. कोणालाच माहीत नाही. साडेचार महिन्यांची होऊन गेली. बारसं झालं होतं, नाव ठेवलं होतं. सासरच्या कुलवृत्तांतात ती नाही, म्हणाले लहानपणी गेलेल्या मुली धरत नाहीत. आणि तुमच्यात नाही, कारण मीच तिथे एक ओळ. तुझ्या आईने मला विचारलं, नाव काय होतं तिचं? चाळीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. ह्यांनीसुद्धा नाही. सांगितलं मी. मग तुझ्या घरी येऊन मी स्वतः बघितलं, तिने मशीनवर टाइप केलं ते. पडद्यावर दिसलं मला. मी तिला म्हटलं, जरा मोठं करता येतं का? तिने मोठं करून दाखवलं."

सून चहा ठेवून गेली. आत्याने तो बाजूला सारला.

"आणि काही महिन्यांनी पत्र. निष्काळजीपणामुळे पुसलं गेलं. निष्काळजी? तुझी आई? सोळा ब्लाउज एकदम शिवायला घेऊन एकाचा हुक दुसऱ्याला न लावणारी बाई ती! माझं लिहिलेलं दुसऱ्या कोणी हरवलं असं म्हणाली असती तर मी मानलं असतं. पण तिच्या हातून? अण्णा चिटणीस होता. समितीला ह्या असल्या गोष्टी छापायच्या नव्हत्या. त्याने तिला पुसायला लावलं आणि वर पत्रं लिहायला लावली. मला राग त्याचा नव्हता गं. पुरुषांनी काय करायचं ते करावं. तिने ऐकलं, याचा राग होता. नाव ऐकून घेऊन मग पुसायचं, यापेक्षा विचारूच नये."

"आत्या," मी म्हणाले.

"तू नको मधे बोलूस. मी आता ते नाव परत सांगणार नाही, त्यासाठी आली असशील तर. फक्त एक सांग. आता दोघंही गेलेत, कोणाचं काही बिघडत नाही. अण्णानेच पुसायला लावलं ना?"

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. चोवीस वर्षं उत्तर ठरलेलं आहे आणि आता फक्त कोणीतरी मान हलवायची बाकी आहे, असं ते बघणं होतं. मान हलवणं सोपं होतं. अण्णांना जाऊन आठ वर्षं झाली होती. ते खरोखरच म्हणाले होते, समितीला तसंही नकोच होतं. मी हो म्हटलं असतं तर आत्याचं सगळं जुळलं असतं, आणि आई नवऱ्यापुढे न बोललेल्या अनेक बायकांपैकी एक झाली असती. अशा बाईला शेवटी क्षमा मिळते. पण आई तशी नव्हती. तिने कोणाचं ऐकून पुसलं नव्हतं, आणि निष्काळजीही ती नव्हती. यातलं एकही तिच्याबद्दल खरं नव्हतं, आणि हे माहीत असणारं माणूस आता मी एकटीच होते.

"नाही," मी म्हणाले. "अण्णांना ती फ्लॉपी कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. आईने पत्रात लिहिलं ते तिला शेवटपर्यंत खरं वाटत होतं. तिच्या हातून पुसलं गेलं असंच ती समजत होती. तसं नव्हतं. मी पुसली, आत्या. कॉलेजचं काम द्यायचं होतं, मला फ्लॉपी हवी होती, तिच्या शिवणाच्या डब्यातली मी घेतली. ती पत्रंही मीच पेटीत टाकली. तुमचंसुद्धा."

इथे थांबता आलं असतं. एकोणीस वर्षांच्या मुलीला माहीत नव्हतं, असं आत्यानेच म्हटलं असतं.

"रिकामी समजून नाही पुसली," मी म्हणाले. "उघडल्यावर यादी आली होती, बायकांच्या नावांची. सगळ्यात वर तुमचं नाव होतं. इरावती. मी ते वाचलं. आणि वाचून मग पुसली."